भिंतीवरचे पुण्य

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीबाहेर जो संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, त्याचा मोठा भाग राजवंशाच्या स्तुतीत खर्च झाला असला तरी त्याच्या मध्यभागी एका भावाच्या मृत्यूची हकीगत आहे. आणि ती हकीगत वाचल्यावाचून त्या लेण्यातील चित्रे पाहणे म्हणजे कुणाच्या घरी सांत्वनाला जाऊन तिथल्या खांबांच्या नक्षीची वाखाणणी करून परतणे होय. वाकाटकनृपती हरिषेणाच्या अमलाखालील एका मांडलिक घराण्यात दोन राजपुत्र होते. त्यांतील धाकटा, रविसांब नावाचा, अकाली निवर्तला, आणि ज्या थोरल्याने त्याच्या जोडीने पराक्रमाचे मनसुबे रचले होते, त्याच्या चित्तावर सर्व संस्कारांच्या अनित्यतेचा विचार असा काही ठसला की राज्यवैभवातील त्याची गोडी आटली आणि आपला द्रव्यनिधी त्याने स्तूप, विहार आणि याचकांची आर्ती यांच्याकडे वळविला. सतरावे लेणे हे त्या शोकाचे फलित आहे. आज जगभरचे प्रवासी ज्या भिंतींपुढे माना उंचावून उभे राहतात, त्या भिंती एका माणसाने, जो परत येणार नव्हता त्याच्या नावाने, रंगवून घेतल्या.

वऱ्हाडच्या वाचकाला हे सांगण्याचे विशेष प्रयोजन आहे. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. १ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला, त्याआधी त्याचा कारभार अकोल्याच्या कचेरीतूनच चाले. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला, तेव्हा कुठे वाकाटकांच्या या शाखेची स्वतंत्र ओळख इतिहासकारांना पटली, आणि पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून अजिंठ्याच्या लेखांचे जे चिकाटीचे पुनर्वाचन केले, त्यामुळे सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेणाचा सचिव, आणि त्याचे स्वामी वत्सगुल्माचे, हे निःसंशय ठरले. परंतु इतिहासाने सिद्ध केलेली गोष्ट लोकांच्या मनात रुजतेच असे नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, अजिंठा मात्र निजामाच्या मुलखात राहिला; सरहद्द पडली, दप्तरे वेगळी झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडी माणूस अजिंठ्याला परक्या सुभ्यातले नवल समजून जाऊ लागला. वस्तुतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या डोंगरात जो पैसा, जी आज्ञा आणि जी श्रद्धा वाहत गेली, तिचा उगम आपल्या काळ्या मातीच्या या पठारावर होता.

वराहदेवाने आपले लेणे मातापित्यांच्या पुण्यासाठी अर्पण केले. सव्विसाव्या लेण्याचा कर्ता बुद्धभद्र हा स्वतः भिक्षू. त्याने ते अश्मक देशाच्या अमात्याच्या, आपल्या स्नेह्याच्या, स्मरणार्थ खोदविले, आणि माणसाची आठवण जगात जोवर ताजी आहे तोवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतोवर टिकेल असे स्मारक डोंगरात करावे, असा विचार त्याने लेखात मांडला. या सर्व दानांमागे जी धारणा आहे ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. चित्र काढविले की पाप धुऊन निघाले, असा हा सरळ हिशेब नाही. दानाने जे पुण्य जमेल ते दात्याने स्वतःजवळ ठेवायचे नसते. प्रथम आईबापांना, नंतर गुरुजनांना, शेवटी सर्व प्राणिमात्रांना ते वाटून टाकायचे असते, आणि या वाटून टाकण्यातच दात्याची सुटका असते. भावाच्या वियोगाने खचलेल्या राजपुत्राला याहून मोठा दिलासा कोणत्या शास्त्राने दिला असता, हे मला सुचत नाही.

मग त्याने भिंतींवर काय काढविले? सतराव्या लेण्यात राजविलासाची दृश्ये भरपूर आहेत, पण त्यांच्या जोडीने अपराधी माणसांच्या कथाही तितक्याच ठसठशीत आहेत, आणि मार्गदर्शकांचे लक्ष त्यांच्याकडे फारसे जात नाही याची मला खंत वाटते. सुतसोम जातक घ्या. शिकारीला गेलेला राजा, त्याचे पाय चाटणारी सिंहीण, तिच्या पोटी झालेला सौदास नावाचा पुत्र. तो मोठा होऊन गादीवर बसतो आणि त्याला नरमांसाची चटक लागते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात त्यासाठी काय चालते, तेही चित्रकाराने हात न आखडता दाखविले आहे. प्रजा त्याला हाकलून देते, तो अरण्यात माणसे धरीत फिरतो, आणि अखेरीस सुतसोम नावाच्या सत्यवचनी राजपुत्राला पकडतो. सुतसोम दिलेला शब्द पाळण्यासाठी सुटी मागून जातो आणि मरणाच्या दारात आपल्या पायांनी परत येतो. त्या परत येण्याने सौदासाचे अंतःकरण पालटते. शेजारच्या कथांतही हाच सूर आहे: षड्दंत हत्तीला मारायला आलेला व्याध त्या हत्तीने आपले सुळे स्वखुशीने दिल्यावर नतमस्तक होतो, मद्य पाजून पिसाळविलेला नालागिरी बुद्धापुढे गुडघे टेकतो. नरभक्षकाचे, व्याधाचे, उन्मत्ताचे मन वळू शकते, ही ग्वाही ज्याला हवी होती त्यानेच या कथा निवडल्या असाव्यात, असे मला मनोमन वाटते.

ज्या हातांनी ही चित्रे काढली त्यांची नावे आपल्याला मिळत नाहीत; त्यांची रीत मात्र भिंतीच सांगतात. खडकावर माती, शेण, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यानंतर चिकट द्रव्यात खललेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी ही सारी डोंगराच्या आणि चुलीच्या आसपास सापडणारी सामग्री. एकटा निळा तेवढा दूरचा, बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर शेकडो कोस चालून आलेला.

हरिषेणाच्या मृत्यूनंतर हे सारे कोसळले. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील विश्रुताच्या कथेत विदर्भाच्या एका बेसावध राजाचा जो नाश वर्णिला आहे, त्यात मिराशींना वाकाटकांच्या अस्ताची छाया दिसली. राजे गेले, सचिव गेले, शिल्पकारांचे वेतन थांबले, कित्येक लेणी अर्धवट राहिली. आणि इथूनच, माझ्या दृष्टीने, अजिंठ्याचा सर्वांत हृद्य भाग सुरू होतो. मोठ्या दात्यांचे नियोजन संपल्यावर मागे राहिलेल्या भिक्षूंनी आणि सामान्य उपासकांनी, जिथे जागा सापडेल तिथे, खांबावर, कोनाड्यात, दुसऱ्याच्या चित्राच्या कडेला, एकेक बुद्ध रंगविण्यास वा कोरविण्यास आरंभ केला आणि त्याखाली हे अमुक शाक्यभिक्षूचे दान आहे असे लिहविले. ही चित्रे एकसारखी नाहीत. काही अतिशय सुंदर, काहींत हाताचा कच्चेपणा उघड दिसतो. ज्यांनी सतराव्या लेण्याचा सुघटित आराखडा मनात धरला आहे अशा कलासमीक्षकांना ही घुसखोरी वाटते. मला ती वाटत नाही. राजपुत्राच्या शोकाला ऐसपैस मंडप मिळाला, भिक्षूच्या शोकाला वीतभर खांब. परंतु बाविसाव्या लेण्यातील रंगविलेल्या लेखात मूर्ती करविणाऱ्याला मिळणारे जे फळ सांगितले आहे, त्यात मंडपाला अधिक आणि खांबाला उणे असा भेद केलेला नाही.

पुढे सुमारे पंधराशे वर्षे वऱ्हाडात बुद्धाचे चित्र कुणी काढले नाही म्हटले तरी चालेल. ते पुन्हा कसे अवतरले, याचा धागा अमरावतीत सापडतो. १९२७ च्या नोव्हेंबरात, अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा या मागणीसाठी तेथे परिषद भरली, डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पाठीशी उभे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. पाचव्या शतकातील एका भावाचा शोक आणि विसाव्या शतकातील एका भावाचा शोक यांत कार्यकारणभाव जोडण्याचा माझा मानस नाही. पण ज्या मंदिराच्या दारात त्या वेळी हजारो माणसे उभी होती, त्या दारातून आत जाण्याची इच्छाच त्यांनी पुढे सोडून दिली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बुद्धाला शरण गेली, हा इतिहास वऱ्हाडच्या गावोगावी घडला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी घरातले जुने देव नदीला सोडले. देव्हाऱ्याची जागा रिकामी झाली. त्या रिकाम्या जागेवर काय लावायचे, हा प्रश्न धर्मशास्त्राचा होता तितकाच रंगाचाही होता.

आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कुणी कलाशाळेचा पदवीधर आला नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील समाजमंदिरांच्या आणि विहारांच्या भिंतींवर जो बुद्ध दिसतो, जे निळ्या कोटातले, संविधान छातीशी धरलेले, बोट उंचावलेले बाबासाहेब दिसतात, ते बहुतांशी गावच्या किंवा शेजारच्या गावच्या पेंटरने काढलेले आहेत. हा पेंटर शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितो, सोसायटीचा फलक रंगवितो, ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाचे नाव आणि मोर काढतो, आणि विहाराचे काम निघाले की मजुरीची गोष्ट मागे ठेवून ते पत्करतो. कुठे शिकलात, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: "कोनं शिकवलं नाई, पायता पायता शिकलो." रीतही सर्वत्र सारखीच. कॅलेंडरवरील किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील चित्रावर पेन्सिलीने चौकोन पाडायचे, गेरूत भिजविलेली दोरी ताणून भिंतीवर तितकेच मोठे चौकोन मारायचे, आणि एकेका चौकोनातील रेषा मोठी करीत न्यायची. भिंतीला चुना, त्यावर प्राइमर, त्यावर डब्यातला ऑइलपेंट. चेहरा अखेरीस. चेहऱ्यात डोळे त्याहून अखेरीस, कारण चूक झाली तर ती तिथेच दिसते.

या डोळ्यांविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. मिटल्या नेत्रांच्या ध्यानस्थ बुद्धापेक्षा उघड्या नेत्रांचा, जगाचे दुःख पाहणारा बुद्ध बाबासाहेबांना अधिक भावत असे. उत्तरायुष्यात, प्रकृती ढासळत असताना, त्यांनी स्वतःही कुंचला हाती धरून चित्रकलेची उमेदवारी केली होती. एवढ्या मोठ्या विद्वानाने, ज्याच्या हातून राज्यघटनेचे काम पार पडले होते, पोरासारखे रेषा ओढायला बसावे, ही गोष्ट मला त्यांच्या कित्येक ग्रंथांइतकीच बोलकी वाटते. जे शिकलो नाही ते शिकायला उशीर झालेला नसतो, हे त्यांच्या अनुयायांतील पेंटरांनी त्यांच्याकडूनच उचलले असावे. म्हणून वऱ्हाडातल्या अनेक विहारांत बुद्धाचे डोळे उघडे, क्वचित प्रमाणाबाहेर मोठे, काढलेले दिसतात. समीक्षक त्याला दोष म्हणेल, पण तिथे वंदनेला बसणाऱ्या माणसाला आपल्याकडे पाहणारा कुणी हवा असतो.

अशा चित्रकाराला काय मिळवायचे असते? दूरदेशीचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात हॉवर्ड फिन्स्टर नावाचा बाप्टिस्ट धर्मोपदेशक होऊन गेला; १९१६ साली अलाबामात जन्मलेला, शाळा थोडकीच शिकलेला, सायकली दुरुस्त करून पोट भरणारा. अनेक वर्षे प्रवचने दिल्यावर एकदा त्याने श्रोत्यांना विचारले की आज सकाळी मी काय सांगितले, आणि कुणालाच आठवेना. १९७६ साली सायकलीला रंग लावीत असताना बोटावरच्या रंगाच्या डागात त्याला एक चेहरा दिसला आणि पवित्र चित्रे काढ, असा आदेश ऐकू आला. मला येत नाही, असे त्याने म्हणून पाहिले. पण मग खिशातल्या डॉलरच्या नोटेवरचे चित्र पाहून त्याने आरंभ केला, आणि २००१ साली मरेपर्यंत आपल्या हातच्या चित्रांना क्रमांक घालीत तो शेहेचाळीस हजारांच्या पलीकडे गेला. त्याच्या प्रत्येक फळकुटावर बायबलातली वचने, पापाविषयीचे इशारे आणि तारणहाराची आश्वासने दाटीवाटीने लिहिलेली असत. तारण देणारा वर आहे, आपण केवळ निरोप्या, ही त्याची निष्ठा.

वऱ्हाडच्या विहारातील चित्रकार आणि हा फिन्स्टर यांची शिकण्याची पद्धत एक, पण त्यांची वाट वेगळी, आणि हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले आहे की बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत हाच ग्रंथ विहारात रोज वाचला जातो, आणि ज्याने भिंत रंगविली तोही श्रोत्यांत बसलेला असतो. त्याला ठाऊक असते की आपण रंगविलेला बुद्ध आपले काहीही माफ करणार नाही. पाचवे शील मद्यत्यागाचे. ज्याने स्वतःच्या घरात दारूने केलेली धूळधाण पाहिली आहे, कदाचित स्वतःच्या हातांनी केली आहे, त्याला बुद्धाच्या ओठांवर रंगाचा शेवटचा हात देताना वरून क्षमा उतरेल अशी आशा करता येत नाही. त्याच्यापुढे एवढेच उरते की हात स्थिर ठेवायचा, आणि तो स्थिर राहील असे उद्या आणि परवाही वागायचे. सौदासाला सुतसोमाने हेच दिले होते: वचन पाळणारा माणूस कसा असतो याचे दर्शन. मन पालटण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागले. पुण्य वाटून टाकायचे, हा सतराव्या लेण्याच्या दात्याचा संकल्प येथेही टिकून आहे, कारण विहाराच्या भिंतीवर काढलेले चित्र चित्रकाराचे राहत नाही. ते वस्तीचे होते, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आर्ट' या शब्दामागे लिहिलेले नाव पुढच्या रंगरंगोटीत बहुधा पुसले जाते, आणि त्याविषयी तक्रार करण्याची तेथे चाल नाही.

ही तक्रार ते करीत नाहीत, म्हणून ती इतर कुणी केली पाहिजे. अजिंठ्याची दखल घेणाऱ्यांची परंपरा दीर्घ आहे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर, एका रंगविलेल्या आकृतीवरच, आपले नाव कोरले. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथे वर्षानुवर्षे राहून तैलरंगात नकला केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी नेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही अनेक लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मग निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणवून मूळ चित्रेच सावरली आणि गुलाम याझदानी यांनी त्यांचे भव्य ग्रंथ सिद्ध केले. १९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याला जागतिक वारसा म्हटले. डहाणूकडच्या वारली भिंतींनाही भाग्य लाभले: भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार तेथे पोचला, त्याने जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद दिला, आणि लग्नाच्या चौकापुरती असलेली ती रेषा जगाच्या कलादालनांत गेली, मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची आठवण केली.

विहाराच्या भिंतीकडे असा कुणी भास्कर कुलकर्णी अद्याप आलेला नाही, आणि वेळ फार उरलेली नाही. संगणकावर छापलेला फ्लेक्स स्वस्तात आणि एका दिवसात मिळू लागल्यापासून पेंटरचा धंदाच बसला आहे. जयंती आली की जुन्या भिंतीवर नवा चुना फिरतो आणि त्यावर फ्लेक्स ताणला जातो. फ्लेक्सवरचा बुद्ध रेखीव असतो, त्याचे डोळे कधी चुकत नाहीत, आणि तो सर्व गावांत एकच असतो. वस्तीने तो लावावा की लावू नये हे सांगण्याचा अधिकार मला नाही. आपली भिंत कशी असावी हे ठरविण्यासाठी त्या लोकांनी फार मोठे मोल दिले आहे. परंतु चुना फिरण्यापूर्वी त्या भिंतीचे छायाचित्र घेणे, ती कोणत्या साली, कोणाच्या हाताने, कोणते चित्र समोर ठेवून रंगविली गेली हे वृद्धांना विचारून लिहून ठेवणे, आणि कोपऱ्यातले नाव अक्षरशः उतरवून घेणे, एवढे काम तालुक्यातालुक्यांतून करण्यास राजकोशाची गरज नाही. अमरावतीला संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ आहे, त्याच्या कक्षेत दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये आहेत, त्यांत इतिहास शिकविला जातो आणि विद्यार्थ्यांच्या खिशात छायाचित्र घेणारे यंत्र आहे. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पातूरच्या लेण्यांची, बाळापूरच्या किल्ल्याची, अचलपूरच्या मशिदींची नोंद होते. समाजमंदिराच्या भिंतीसाठी त्यात एक रकाना वाढवावा, आणि पहिली नोंद अशा एखाद्या वस्तीची करावी जिथे रंगविणारा अजून हयात आहे आणि विचारले तर सांगू शकतो.